खाज कुठून सुरू झाली?

सकाळी आठ

साताऱ्यातलं माझं क्लिनिक नऊला उघडतं, पण भाद्रपदात मी तासभर आधी येते. पावसाच्या ओलीनं गोचिडी-पिसवा माजलेल्या असतात आणि बाहेरच्या बाकाशी बसलेली कुत्री सारखी खाजवत असतात. मायक्रोस्कोप पुसायचा. बोथट केलेली ब्लेड, पॅराफिन तेल, पारदर्शक चिकटपट्टी, स्लाइड रंगवायची औषधं आणि उवांची बारीक फणी हाताशी ठेवायची. बरीचशी कारणं एवढ्या सामानात सापडतात. शोधायचा क्रम मात्र ठरलेला: आधी किडे, मग जिवाणू आणि बुरशी, आणि ते निस्तरल्यावर ॲलर्जी. हा क्रम मोडला की त्या मुक्या जिवाचे महिनेच्या महिने वाया जातात.

सव्वानऊ

चार वर्षांचा लॅब्रॅडॉर. शेपटीच्या बुडापासून कमरेपर्यंत केस गेलेले, कातडी काळी पडून जाड झालेली. ताई टेकायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्यासारखं इंजेक्शन द्या ना. दुसऱ्या दिवशी खाज बंद होते."

ते इंजेक्शन स्टेरॉइडचं. त्यानं खाज थांबते, कारण जागच्या जागी राहतं. महिन्याभरानं कुत्रा पुन्हा तिथंच. मधल्या काळात तहान-भूक वाढते, वजन वाढतं, कातडी पातळ होते. शिवाय लालसरपणा, पुरळ अशा ज्या खुणांवरून मी काही ताडणार, त्या पुसल्या जातात.

म्हणून आधी प्रश्न. खाज पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वय किती होतं? आधी खाज आली की आधी केस गेले? बारमाही आहे की ठरावीक ऋतूत? घरात आणखी कोण खाजवतं? झोपतो कुठे? आधी केस गेले आणि खाज नाही, असं उत्तर आलं तर माझा रोख हार्मोनकडे जातो. इथं आधी खाज होती, आणि घरात मांजरही होतं.

फणी शेपटीच्या बुडाशी चार-पाच वेळा फिरवली आणि निघालेली काळी पूड ओल्या कापसावर झटकली. थोड्याच वेळात कणाकणाभोवती तांबूस डाग पसरला. माती असती तर रंग सुटला नसता. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ताईंचा चेहरा उतरला. "अहो, दर रविवारी अंघोळ घालतो आम्ही. एक पिसू दिसली नाही कधी."

दिसणारही नाही. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला मोजके चावे पुरतात, आणि चावून-चाटून पिसवा तो स्वतःच गिळून टाकतो. अंगावरच्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा जेमतेम 5 टक्के भाग. उरलेल्या 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोष होऊन सोफ्याच्या फटीत, गादीखाली, पायपुसण्यात असतात. कोषातली पिसू कित्येक महिने दबा धरून राहू शकते. त्यामुळे औषध कुत्र्याला, मांजराला आणि घरालाही. मांजराचं औषध मी वेगळं लिहून दिलं आणि खाली रेघ मारली. कुत्र्यांच्या औषधातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

कातडीला कुबट वासही होता. चिकटपट्टी दाबून घेतलेला नमुना रंगवून पाहिला, तर भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या जांभळ्या पेशी सगळीकडे. मॅलॅसेझिया. ही बुरशी निरोगी कातडीवरही थोडी असते, पण चाटून ओल्या झालेल्या, सुजलेल्या कातडीवर ती फोफावते आणि स्वतःची खाज वर चढवते. म्हणजे या कुत्र्याच्या खाजेची कारणं दोन. एकावरच इलाज केला असता तर "औषध लागू पडलं नाही" म्हणत ताई आणखी कुणाकडे गेल्या असत्या.

नमुने घेऊन झाल्यावर खाज कमी करणारी, स्टेरॉइड नसलेली गोळी थोड्या दिवसांसाठी दिली. रात्रभर न झोपलेल्या जनावराला तसंच ठेवणं मला पटत नाही.

पावणेअकरा

कोरेगावकडचे एक आजोबा नातवासोबत आले. पोत्यावर बसवलेलं गावठी कुत्रं, कानांच्या कडा आणि कोपरं खपल्यांनी भरलेली, अंगावर काळं तेल. "लूत लागलीय. गाडीचं जळकं ऑइल लावलं, तरी उतरंना."

कानाची कड मी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळली आणि त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. खरजेची ही खूण मोलाची आहे, कारण ती करणारा सारकॉप्टिस हा किडा कातडी खरवडून घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा सापडत नाही. आजही दोन स्लाइड कोऱ्याच निघाल्या. मग पोराला बाही वर करायला सांगितली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ.

"आजोबा, स्लाइडमध्ये किडा दिसला नाही, पण मी खरूज धरूनच औषध देतेय. बाळाला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाही, पण त्यांना कुत्र्याचं आवर्जून सांगा."

तेल आधी सौम्य शाम्पूनं धुऊन काढलं. जळक्या ऑइलनं कातडी भाजते, आणि चाटून ते पोटातही जातं. आजोबांनी गोठ्यातली आयव्हरमेक्टिनची बाटलीही खिशातून काढून दाखवली. ती तशीच आत ठेवायला लावली. म्हशीच्या मापाचं औषध कुत्र्याला अंदाजे टोचलं तर आकडी येऊ शकते, आणि कोलीसारख्या काही जातींना तर अगदी थोडी मात्राही भोवते.

साडेबारा

पाच महिन्यांचं पिल्लू, डोळ्याभोवती आणि ओठाजवळ टक्कल, खाज जवळजवळ नाही. कातडी चिमटीत दाबून, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत खरवडलं. डेमोडेक्स हा किडा केसाच्या मुळाशी राहतो, वरवर खरवडून हाती लागत नाही. लेन्सखाली लगेच दिसला: लांबुडकं अंग, पुढच्या भागाला आखूड पायांच्या चार जोड्या, पाय संथ हलताहेत. हा किडा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून येतो. एवढे दोनच चट्टे असले तर बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. याला खाजेचं म्हणून स्टेरॉइड टोचलं असतं, तर हाच किडा अंगभर पसरला असता.

दुपारी तीन

रिपोर्ट वाचायची वेळ. एका कारवान जातीच्या कुत्र्याचे मांड्यांवरचे केस विरळ झाले होते. थायरॉइड कमी आलं म्हणून मालक आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करायच्या तयारीत. मी फोन करून थांबवलं. ग्रेहाउंड, सालुकी अशा वेगानं धावणाऱ्या शिकारी जातींत हे हार्मोन मुळातच कमी असतं. कारवानही त्याच ठेवणीचा. कुत्रा चपळ आहे, वजन वाढलेलं नाही, खाज नाही. एका आकड्यावर त्याला रोगी ठरवणं बरोबर नाही. आणखी तपासण्या करू, मग ठरवू.

संध्याकाळी सहा

आज ज्या भेटीची मी वाट पाहत होते ती ही. तीन वर्षांची पग, पंजे चाटून तांबडे झालेले, कान सारखे सुजणारे. किडे नाहीत, जंतुसंसर्ग आटोक्यात, तरी खाज. गेल्या वेळी तिच्या आजी सहज बोलून गेल्या होत्या, "श्रावणात बरी असते हो. गौरी-गणपती झाले की पुन्हा सुरू."

श्रावणात घरात चिकन शिजत नाही. पावसाळ्यात बाकीच्यांची खाज वाढते तेव्हा हिची कमी होते, हे कोड्यात टाकणारं होतं. म्हणून आठ आठवड्यांची आहाराची परीक्षा लावली: तिनं कधीच न खाल्लेला मासा आणि रताळं, बाकी काही नाही. बिस्कीट नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळी नाही, जमिनीवर सांडलेलं दूधही नाही. खरं कसब घरच्यांचं. तिच्या घरातल्या आजोबांनी चहात बुडवलेलं टोस्ट देणं बंद केलं, हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. तिनं समोर बसून बघितलं की त्यांना घास उतरत नसे.

आज पंजे गुलाबी, बोटांमधून नवे केस. तरी निदान पक्कं झालेलं नाही. आता पुन्हा चिकन द्यायचं. आजी दचकल्या. "बरी झालेली पोर मुद्दाम आजारी पाडायची?"

"आजी, दोन आठवड्यांत खाज परतली तर चिकन आयुष्यभरासाठी बंद, आणि बाकीचं सगळं मोकळं. नाही परतली तर आपण उगाच तिच्या ताटातलं काढून घेतोय."

त्या तयार झाल्या. रविवारी सगळे घरी असतात, तेव्हा सुरू करायचं ठरलं.

साडेआठ

काउंटर पुसून होईतो सकाळच्या ताईंचा फोन. सोफ्याची खोळ गरम पाण्यातून काढली, मांजरालाही औषध लावलं. पुढे कधी आणू?

"तीन आठवड्यांनी. आणि येण्याआधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नका. मला पुन्हा फणी फिरवून बघायचीय."