औषधांची चाळणी कोणासाठी?

१९५१ साली हंगेरीत ग्युला टाकात्सी या संशोधकापुढे एक साधीच अडचण उभी होती. विषाणूंच्या चाचण्या पुष्कळ करावयाच्या होत्या आणि प्रयोगशाळेचे साहित्य मात्र दुर्मिळ होते. त्याने अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यात ओळीने बारीक खळगे कोरले आणि प्रत्येक खळग्याकडून परीक्षानळीचे काम करवून घेतले. टंचाईतून जन्मलेल्या या युक्तीवर आज औषधसंशोधनाचा फार मोठा डोलारा उभा आहे. तळहाताएवढ्या तबकडीत ९६ खळगे हा पुढे सर्वत्र प्रघात पडला. आता तेवढ्याच तबकडीत ३८४, इतकेच नव्हे तर १,५३६ खळगेही असतात.

या तबकडीचे कार्य समजण्यास अवघड नाही. प्रत्येक खळग्यात रोगजंतू, मानवी पेशी किंवा रोगाशी संबंधित असे एखादे प्रथिन ठेवतात. यंत्राचा हात प्रत्येक खळग्यात निराळ्या रसायनाचा सूक्ष्म थेंब सोडतो. जंतू मेला की जगला, प्रथिनाचे कार्य थांबले की चालू राहिले, हे बहुधा प्रकाशाच्या कमीअधिक तीव्रतेवरून दुसरे यंत्र टिपून घेते. अशा रीतीने एका दिवसात लाखभर रसायने पारखता येतात. हीच औषधशोधाची उच्चगती चाळणी होय.

पूर्वी हे काम मानवी हातांनी होत असे. फ्रँकफुर्ट येथे पाउल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत १९०९ साली साहाचिरो हाता यांना उपदंशावर गुणकारी आढळलेल्या संयुगाचा क्रमांक ६०६ होता. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मातीतील सूक्ष्मजीव पारखता पारखता हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध हाती लागले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे कोरले गेले.

चाळणीचा वेग वाढला म्हणजे औषधेही त्याच प्रमाणात वाढतील, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने १९९५ ते २००१ या काळात नव्या जंतुनाशकांसाठी अशा ७० मोहिमा काढल्या. लक्षावधी रसायने चाळूनही पुढील कामास योग्य असे आरंभबिंदू पाचच लाभले. सुट्या प्रथिनाला रोखणारे रसायन जिवंत जंतूचे कवच भेदून आत शिरेलच, असे नसते. उलट क्षयरोगावरील बेडाक्विलिन हे औषध सापडले, ते संपूर्ण जिवंत जंतूवर चाचणी केल्यामुळे. क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी, जलद वाढणाऱ्या भावंडावर जॉन्सन अँड जॉन्सनच्या संशोधकांनी रसायने पारखली. २००५ साली शोध प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. म्हणजे प्रश्न योग्य विचारला, तरच यंत्राच्या वेगाला अर्थ असतो.

पण प्रश्न कोणता विचारावा, हे केवळ शास्त्रज्ञ ठरवीत नाही, बाजारही ठरवितो. अर्थशास्त्रात गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी मानतात. ज्या गरजेच्या पाठीशी क्रयशक्ती आहे, तीच मागणी. हिवतापाने फणफणलेल्या गरीब मुलाची गरज कितीही निकडीची असली, तरी बाजाराच्या कानी ती पडतेच असे नाही. नव्या जंतुनाशकांची तऱ्हा आणखी निराळी. ती जपून, मोजकीच वापरावीत हे वैद्यकीय शहाणपण. परंतु कमी खप म्हणजे कंपनीचा तोटा. अकेओजेन या अमेरिकन कंपनीच्या जंतुनाशकाला २०१८ साली मान्यता मिळाली आणि २०१९ साली कंपनीने दिवाळे काढले.

या कोंडीतून एक वाट २०१० साली दिसली. माद्रिदजवळच्या त्रेस कांतोस येथे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सुमारे वीस लाख रसायने हिवतापाच्या परजीवीवर चाळली होती. त्यांतून निवडलेल्या तेरा हजारांहून अधिक रसायनांची रचना कंपनीने सर्वांस खुली केली. पुढे अशा निरनिराळ्या याद्यांमधून निवडलेल्या ४०० रसायनांची पेटी 'मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर' या संस्थेने संशोधकांना विनामूल्य दिली. ज्ञान हे असे धन आहे की, एकाने वापरल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. एवढेच नव्हे, तर निष्फळ ठरलेल्या चाचण्याही जाहीर झाल्या, तर तोच खर्च दुसऱ्याला पुन्हा करावा लागत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल की, यादी म्हणजे औषध नव्हे. पुढील वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचा खर्च एकाधिकाराची हमी नसल्यास कोण सोसणार? आक्षेप रास्त आहे. परंतु बेडाक्विलिनच्या विकासात सार्वजनिक व धर्मादाय निधीही मोठ्या प्रमाणावर खर्च झाला होता. तरीही भारतातील एकाधिकार २०२३ च्या पुढे लांबविण्यासाठी कंपनीने अर्ज केला. क्षयावर मात केलेल्या दोन स्त्रियांनी, एक मुंबईची व दुसरी दक्षिण आफ्रिकेची, त्यास विरोध केला. जुन्या औषधोपचाराने दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. असे असता त्यांच्यासाठीची चाळणी कोणी दुसऱ्याने हलवावी, अशी वाट पाहत बसणे परवडणारे नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ साली क्षयरोगासाठी खुल्या सहकार्याने औषधशोधाचा उपक्रम आरंभिला होता. त्यामागील विचार आजही जुना झालेला नाही. विद्यापीठांतून प्रबंधांसाठी घडविली जाणारी संयुगे सार्वजनिक भांडारात जमा व्हावीत, ती येथील रोगांवर पारखली जावीत आणि यशापयश दोन्ही जाहीर व्हावे, यासाठी सरकारने सातत्याने पैसा ओतला पाहिजे. टाकात्सीजवळ साहित्य नव्हते, पण कोणत्या कामासाठी हात चालवायचा हे त्याला ठाऊक होते. आज यंत्रे मुबलक आहेत. उणीव आहे ती त्या निश्चयाची.