आतून दिलेला शेक : ब्रेकीथेरपी

नाव : ग्रीक ‘ब्रेकी’ म्हणजे आखूड, इथे आखूड अंतर. किरणांचा स्रोत कर्करोगाच्या गाठीतच किंवा तिला खेटून.

तोंड-मानेत पुन्हा उद्भवलेल्या गाठीत का? त्या जागी आधीच बाहेरून शेक (किरणोपचार) झालेला असतो. जबडा, लाळग्रंथी, मज्जारज्जू यांना आणखी मात्रा सोसत नाही, म्हणून स्रोत गाठीतच. शस्त्रक्रिया जमत असेल तर विचार आधी तिचा.

कसे देतात? भूल देऊन जीभ, गाल वा मानेत पोकळ सुया, त्यांच्या वाटेने प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या. सीटी स्कॅनवर मात्रेचे गणित. मग यंत्र तारेच्या टोकावरचा, तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियम-192 चा स्रोत एकेका नळीत थांबत थांबत फिरवते. काम मिनिटांचे. बहुधा दिवसातून 2 वेळा, मध्ये किमान 6 तास. स्रोत यंत्रात परतला की रुग्णाजवळ बसायला हरकत नाही. नातेवाईक उगाच घाबरतात.

अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) : या इरिडियमचे सुमारे 74 दिवस, म्हणून स्रोत दर काही महिन्यांनी बदलतात.

धोके : तोंडात व्रण, रक्तस्राव, जबड्याचे हाड कुजणे.

राजूरहून (ता. वणी) जायचे तर : कर्करोगाच्या उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (1941 पासून).

खर्रा : सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकवर घोटून केलेला. विदर्भात तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण.