हत्तीवर बसून आलेला कोरडा मिरग

मराठवाड्यात लोहारा तालुक्यातल्या सास्तूरकडे जून लागला की विचारणा सुरू होते, "औंदा मिरगाचं वाहन काय हाय?" पंचांगात मृग नक्षत्राचं वाहन हत्ती, म्हैस किंवा बेडूक निघालं तर भरपूर पाऊस, मोर, गाढव, उंदीर निघाला तर मध्यम, कोल्हा, मेंढा म्हणजे ओढ. घोडा आला तर डोंगरी भागात पाऊस. मग सास्तूरच्या काळ्या रानाचं काय, ते विचारायचं नाही!

वाहन पावसाची लक्षणं पाहून ठरतं, हा पहिला गैरसमज. सूर्य नक्षत्र बदलतो त्या दिवशी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि ९ ने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, ३ तर बेडूक, शून्य तर हत्ती. वारा, ढग, समुद्राचं तापमान यांचा या हिशेबात पत्ताच नाही. त्यातून कळतं ते एवढंच, की चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला; आणि ते तर तिथीही सांगते. नक्षत्रं २७, वाहनं ९. म्हणजे एका चांद्रमासात प्रत्येक जनावराची पाळी तीनदा. शिवाय वाहन सगळ्या मुलखाला एकच. घाटमाथ्यावरच्या आंबोलीचा पाऊस आणि सास्तूरचा पाऊस एकाच हत्तीवरून कसा येणार?

"पण खरं ठरतं की!" नक्षत्र चालतं १३-१४ दिवस. भर पावसाळ्यात एवढ्या दिवसांत कुठे ना कुठे सरी पडतातच, आणि पडल्या की त्याच लक्षात राहतात. २०२३ चा मृग मात्र आठवून पाहा. ८ जूनला नक्षत्र लागलं, वाहन हत्ती. ११ जूनला कोकणात पोचलेला मान्सून बिपरजॉय चक्रीवादळामुळे तिथेच रखडला. मृग संपेपर्यंत मराठवाड्यात आला नाही. २२ जूनला आर्द्रा लागली, वाहन मेंढा, म्हणजे ओढीचं. आणि २५ जूनला मान्सून मुंबई-दिल्लीत एकाच दिवशी पोचला.

म्हणून नक्षत्रंच थोतांड, असंही कुणी म्हणू नये. ती सूर्याच्या गतीवर बांधलेली, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, अधिक मास असो वा नसो. पेरणीचा, कोळपणीचा हंगाम सांगायला हे कॅलेंडर उत्तम. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा पाऊस म्हणणाऱ्यांनी पावसाळा नीट न्याहाळला होता. वाहन ही त्यावरची नुसती आकडेमोड.

हवामान खात्याचेही अंदाज चुकतात, पण ते वाऱ्या-ढगांच्या नोंदींवर बेतलेले असतात आणि बदलतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. सोयाबीनसाठी त्यातली शिफारस सरळ आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको.