माघार कोणाची? उमेदवारी मागे घेण्याचे राजकारण आणि आपला मताधिकार

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गुजरातमधील सुरतच्या मतदारांना मतदान करताच आले नाही. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी अर्जावरील सह्या आपल्या नाहीत असे सांगितले आणि त्यांचा अर्ज बाद झाला. त्याच कारणावरून पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्जही गेला. उरलेल्या उमेदवारांनी एकामागून एक माघार घेतली. त्यात बहुजन समाज पक्षाचे उमेदवार प्यारेलाल भारतीही होते. २२ एप्रिल २०२४ रोजी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. सोळा लाखांहून अधिक मतदार, आणि एकाच्याही बोटाला शाई लागली नाही.

तेव्हापासून उमेदवारी मागे घेण्याच्या प्रश्नावर देशभर चर्चा होते आहे. ही चर्चा बहुतेक वेळा पक्षांच्या भांडणापुरती राहते. कोणी कोणाला फोडले, कोण विकला गेला, एवढेच बोलले जाते. आम्हाला हा प्रश्न वेगळ्या बाजूने मांडायचा आहे. उमेदवार माघार घेतो तेव्हा नेमके काय घडते, कायदा काय म्हणतो, आणि वस्तीतल्या आपल्या उमेदवारावर माघारीसाठी दबाव आला तर आपण काय करू शकतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

कायदा काय सांगतो?

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार होतात. या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे अर्जांच्या छाननीनंतरचा दुसरा दिवस हा माघारीचा शेवटचा दिवस असतो. म्हणजे वैध उमेदवारांची नावे कळल्यापासून माघारीची मुदत संपेपर्यंत साधारण दोनच दिवस मिळतात. सगळा दबाव, सगळ्या वाटाघाटी, पैशांचे सगळे व्यवहार या दोन दिवसांत होतात. कार्यकर्त्यांनी हे दिवस प्रचाराइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजेत.

कलम ३७ मध्ये माघारीची पद्धत दिली आहे. माघारीची सूचना लेखी हवी, तिच्यावर उमेदवाराची सही हवी, आणि ती शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचली पाहिजे. ती उमेदवाराने स्वतः द्यावी, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने अथवा निवडणूक प्रतिनिधीने द्यावी. ही सूचना खरी आहे का आणि ती आणून देणारी व्यक्ती कोण आहे, याची खात्री निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने करायची असते.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या अनेक उमेदवारांना ठाऊक नसते. एकदा दिलेली माघारीची सूचना रद्द करता येत नाही. रात्री दबावाखाली सही केली आणि सकाळी धीर आला, तरी अर्ज परत जिवंत होत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर किंवा माघारीच्या अर्जावर आधीच सही करून ती कोणाच्या हाती देऊ नये. पक्षाच्या पुढाऱ्याच्याही नाही.

माघारीनंतर जागांइतकेच उमेदवार उरले, तर कलम ५३(२) प्रमाणे अधिकारी त्यांना लगेच निवडून आल्याचे जाहीर करतो. मतदान होत नाही, त्यामुळे ‘नोटा’चे बटणही दाबता येत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणालाच मत न देण्याचा अधिकार मान्य केला. बिनविरोध निवडणुकीत मात्र तो वापरायला जागाच उरत नाही. याच मुद्द्यावर या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

वादांचे तीन प्रकार

पहिला वाद सूचकांचा. सुरतेत तांत्रिकदृष्ट्या काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतलीच नव्हती, त्याचे सूचकच फिरले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्ष आणि मान्यता नसलेल्या पक्षांच्या उमेदवारांना दहा लागतात. आपले बहुतेक उमेदवार दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे दबाव टाकायला समोरच्याला दहा दारे मिळतात. एकट्या उमेदवाराला सांभाळून भागत नाही, या दहा जणांनाही सांभाळावे लागते.

दुसरा वाद मुदत संपल्यानंतरचा. राजस्थानातील बांसवाडा मतदारसंघात २०२४ मध्ये काँग्रेसने भारत आदिवासी पार्टीच्या राजकुमार रोत यांना पाठिंबा द्यायचे ठरवले. पण काँग्रेसचेच उमेदवार अरविंद डामोर यांनी मुदतीत अर्ज मागे घेतला नाही. पक्षाने हात काढून घेतला तरी त्यांचे नाव आणि पंजाचे चिन्ह मतदान यंत्रावर राहिले आणि त्यांना मतेही पडली. रोत निवडून आले, म्हणून हा घोळ विस्मरणात गेला. चुरशीच्या लढतीत अशाने निकाल उलटा लागू शकतो. मुदतीनंतर पत्रकार परिषदेत जाहीर केलेली ‘माघार’ कायद्याच्या दृष्टीने माघार नसते. ते फक्त आवाहन असते, आणि ते प्रत्येक मतदारापर्यंत पोहोचवावे लागते.

तिसरा वाद ऐनवेळच्या माघारीचा. इंदूरमध्ये काँग्रेसचे अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरल्यामुळे पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. त्याने न्यायालयात दाद मागितली, पण ती मान्य झाली नाही. पर्यायी अर्ज भरला म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूत इथे खोटी ठरली.

पण इंदूर सुरतेपेक्षा वेगळे ठरले, कारण तिथे बाकीचे उमेदवार मैदानात राहिले. त्यामुळे मतदान झाले आणि २,१८,६७४ मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले. भाजपचे उमेदवार लाखोंच्या फरकाने निवडून आले, तरी या मतदारांचा निषेध सरकारी कागदावर नोंदला गेला. दुसऱ्या क्रमांकावरील बसपच्या उमेदवाराला ५१,६५९ मते मिळाली. जिंकण्याची शक्यता नसलेला उमेदवार उभा राहून काय करतो, असा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. त्याचे एक उत्तर इंदूरमध्ये मिळते. तो उभा राहतो म्हणून बाकीच्यांना मत देता येते.

भीतीपोटी घेतलेली माघार

मोठ्या निवडणुकांत पैसा आणि पद यांची चर्चा होते. गावपातळीवर माघारीमागे अनेकदा जात असते. तामिळनाडूतील मदुराई जिल्ह्याचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. १९९६ मध्ये तिथल्या मेलवळवू पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. धमक्यांमुळे दलित उमेदवारांना अर्ज मागे घ्यावे लागले आणि निवडणूक होऊ शकली नाही. पुढे पोलीस बंदोबस्तात निवडणूक झाली आणि मुरुगेसन अध्यक्ष झाले. ३० जून १९९७ रोजी त्यांची आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांची हत्या झाली. या खटल्यात १७ जणांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली.

त्याच जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम या राखीव पंचायतींत जवळपास दहा वर्षे कोणाला अर्ज भरू दिला गेला नाही. कोणी निवडून आलाच, तर त्याला लगेच राजीनामा द्यायला लावले गेले. २००६ मध्ये प्रशासनाने ठाम भूमिका घेतली तेव्हा तिथे निवडणुका पार पडल्या. राखीव जागा कायद्याने मिळाली, पण त्या जागेवर उभे राहण्याचे बळ कायद्याच्या मागे प्रशासन आणि संघटना उभी राहिल्यावरच आले.

आपल्याकडे चित्र इतके उघड नसेल. महाराष्ट्रात दबावाची भाषा गोड असते. ‘गावाची एकी’, ‘निवडणुकीचा खर्च वाचवू’, ‘बिनविरोध करा, विकासनिधी घ्या’. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत काही आमदारांनी बिनविरोध गावांना लाखोंचा निधी जाहीर केला होता. गावाने खरोखर एकमत केले तर त्यात वाईट काही नाही. पण ज्या बैठकीत हे एकमत ठरते तिथे बौद्धवाड्यातील, आदिवासी पाड्यावरील किती माणसे बसलेली असतात, आणि बसली तरी किती बोलतात, हे आपण पाहिले पाहिजे. शेतातली मजुरी, किराणा दुकानातली उधारी, पाण्याची वाट हे सारे ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. राजकीय समतेच्या शेजारी सामाजिक आणि आर्थिक विषमता उभी राहिली तर काय होईल, याचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. माघारीचा अर्ज हे त्या विसंगतीचे गावातले रूप आहे.

बिनविरोधाचा बाजार कसा भरतो हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुका रद्द केल्या. चित्रफिती समोर आल्या आणि आयोगाला दखल घ्यावी लागली, हे लक्षात ठेवा. पुरावा असेल तर बिनविरोधालाही हात लावता येतो.

आपल्या हातातील हत्यार

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातील कलम ३(१)(एल) थेट आपल्या विषयावर आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उमेदवारी अर्ज भरू न देणे, भरलेला अर्ज मागे घेण्यास भाग पाडणे किंवा धमकावणे, तसेच या समाजाच्या उमेदवाराचा सूचक होण्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. हे कलम दलित-आदिवासी नसलेल्या आरोपीलाच लागू होते. अनुसूचित जातींच्या बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे हे संरक्षण त्यांनाही आहे. कलम १८ए नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

पैशांच्या व्यवहारासाठी वेगळी तरतूद आहे. उभे राहणे, न राहणे किंवा माघार घेणे हा निवडणूकविषयक हक्क मानला जातो. त्यासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही लाच ठरते. हे आपल्या माणसांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे. पाकीट घेणाराही गुन्हेगार ठरतो.

काय करावे?

१. विधानसभा-लोकसभेसाठी एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. ते वेगवेगळ्या सूचकांच्या सह्यांनी भरा. सह्या करतानाचे चित्रीकरण ठेवा.

२. छाननी ते माघार या काळात उमेदवार आणि सूचकांना एकटे सोडू नका. महिला उमेदवार असेल तर तिच्या घरच्यांवर येणारा दबावही ओळखा, कारण अनेकदा धमकी तिला न देता तिच्या नवऱ्याला किंवा भावाला दिली जाते.

३. दबाव येताच निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस ठाणे यांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फोन, संदेश, साक्षीदारांची नावे, वेळ यांची नोंद ठेवा. तीन वाजल्यानंतरची तक्रार गुन्ह्यासाठी उपयोगी पडेल, अर्ज वाचवण्यासाठी नाही.

४. निकालानंतरचे दार उघडे असते. निवडणूक सुरू असताना न्यायालये सहसा हस्तक्षेप करत नाहीत, हे १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून ठरलेले आहे. लोकसभा-विधानसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, आणि ती उमेदवारासह कोणताही मतदार करू शकतो. ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात जावे लागते.

आघाडीसाठी, तत्त्वासाठी किंवा स्वतःच्या कारणासाठी उमेदवाराने माघार घेणे हा त्याचा हक्क आहे. प्रत्येक माघारीला गद्दारी म्हणणे चुकीचे आहे. दबावाला बळी पडलेल्या गरीब उमेदवाराला समाजमाध्यमांवर शिव्या घालणे त्याहून चुकीचे, कारण त्याच्यामागे आपण उभे होतो का, हा प्रश्न आधी येतो. पण उमेदवाराबरोबर त्याच्या वस्तीलाही काही गमवावे लागते. तिथल्या माणसांना पुढची पाच वर्षे सांगितले जाते की तुमची तर सर्वांना संमती होती.

येत्या निवडणुकीत आपल्या प्रभागात कोणाला उभे करायचे याची बैठक होईलच. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न घ्या: अर्ज भरल्यानंतरचे ते दोन दिवस त्याच्यासोबत कोण राहणार? त्यांची नावे तिथेच लिहून घ्या.

जय भीम!