जीपचा पुढचा ॲक्सल

या तिमाहीत आपल्या जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल बदलला. तुमच्या देणगीचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

खापरखेड्याहून पारशिवनीकडच्या टोल्यांवर जाताना स्टेअरिंग थरथरू लागले. मिस्त्रींनी चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले. ब्रेक दाबल्यावरही ढिलाई राहिली, म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा नव्हता, चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचा होता. नवी किंगपिन घातली असती, पण तिची बैठकच झिजली होती.

भंगारात एक ॲक्सल स्वस्तात मिळत होता. मिस्त्रींनी त्याच्या गिअरचे दाते मोजले: ३९ आणि ८. आपल्या मागच्या ॲक्सलचे ४३ आणि ८. असा ॲक्सल बसवून फोर-व्हील लावली, तर पुढची-मागची चाके वेगळ्या गतीने ओढतात आणि गिअर तुटू शकतो. म्हणून जुळणारा, महागडा ॲक्सल घेतला. औषधपेटीचे काही पैसे त्यात गेले. हे तुमच्यापासून लपवत नाही.

पावसाळ्यात नाल्यापलीकडून अडलेली बाई आणायची, तर जीप मध्येच थांबून चालणार नाही. प्रार्थनेत जीपची आणि रिकाम्या औषधपेटीचीही आठवण ठेवा.