हवाई दलाची पहिली तुकडी

विमान एकटा माणूस चालवतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही बरे! त्याच्यामागे अख्खी तुकडी राबत असते. तिला स्क्वाड्रन म्हणतात. आम्ही आज आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची हकिगत सांगतो.

ही तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिली. तेव्हा राज्य इंग्रजांचे. विमाने अवघी चार, वैमानिक पाच.

१९४२ साली ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई जुंपली. तुकडीची विमाने टेहळणीची होती. आपल्या लोकांनी त्यांनाच बॉम्ब अडकवले आणि शत्रूच्या विमानतळावर नेऊन टाकले!

फाळणीच्या वेळी तुकडी मोडली. १९५३ साली ती पुन्हा उभी केली.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. अज्जमाडा देवय्या हे नव्या वैमानिकांना शिकवणारे मास्तर. लढाई लागताच ते या तुकडीत आले. ७ सप्टेंबरला सरगोध्यावर हल्ला झाला. शत्रूचे विमान देवय्यांच्या विमानापेक्षा पुष्कळ वेगवान होते. तरी त्यांनी ते पाडले. पण ते परतले नाहीत. त्यांचा पराक्रम फार उशिरा उजेडात आला. १९८८ साली त्यांना महावीर चक्र दिले गेले.

हे बळ येते कोठून? सरावातून. शिकाऊ वैमानिक आधी मास्तरांबरोबर दोन जागांच्या विमानात बसतो. हात बसला की मग एकटा उडतो. खाली मेकॅनिक दर उड्डाणाआधी विमान तपासतात. एक खिळा ढिला राहिला, तर जीव जातो.

पाऊस आल्यावर नांगर शोधून चालत नाही. मशागत आधीच करावी लागते. हवाई दलाचेही तसेच आहे.