बावीस वर्षांची घटनाकार

दोस्तहो, राज्यघटना लिहिणं म्हणजे पिकल्या केसांच्या पंडितांचं काम, असंच वाटतं ना? मग हे वाचाच!

फेब्रुवारी १९४६. युद्धात हरलेल्या जपानवर अमेरिकन सैन्याचा अंमल होता. नव्या घटनेचा मसुदा आठवड्याभरात हवा होता. स्त्रियांच्या हक्कांचा भाग आला बेआटे सिरोटाकडे. वय अवघं २२! पण तिचं बालपण टोकियोत गेलेलं. तिथं मुलींची लग्नं त्यांना न विचारताच ठरतात, हे तिला ठाऊक होतं. जीपमधून ग्रंथालयं पालथी घालून तिनं देशोदेशीच्या घटना जमवल्या नि लिहायला बसली.

वरिष्ठांनी तिचं बरंचसं लिखाण गाळलं. ती रडली. पण २४ वं कलम टिकलं : लग्न दोघांच्या संमतीनंच, पती-पत्नीचे हक्क समान. घटना ३ मे १९४७ ला लागू झाली. त्या कलमातलं एक अक्षरही आजवर बदललेलं नाही, बरं का!